सोबतीला आलेली नणंद

लग्नाआधी मी नागपुरात फायरमनचा कोर्स केला होता. आमच्या तुकडीत मुली थोड्याच होत्या. पाण्याचा जाड पाइप खांद्यावर घेऊन पळणं, शिडी लावून चढणं, धूर भरलेल्या खोलीत जमिनीला चिकटून सरकत जाणं, हे सगळं मला मनापासून आवडायचं. नंतर लग्न होऊन मी आर्वीला आले. नवरा एसटीत कंडक्टर, त्याची ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची. सासरे नव्हते. घरात सासूबाई आणि नणंद. कोर्सचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली गेलं आणि तिथंच राहिलं.

मग एका महानगरपालिकेत अग्निशमन दलाची भरती निघाली आणि त्यात बायकांसाठी जागा होत्या. माझी उंची जेमतेम बसत होती. धावणं, शिडी चढणं, माणसाच्या वजनाची डमी खांद्यावर घेऊन चालणं आणि उंचावरून, खाली माणसांनी ताणून धरलेल्या शीटमध्ये उडी मारणं, अशी मैदानी चाचणी होती. नवरा म्हणाला, "भरून टाक." सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, "जाय. पण सकाळी अंधारात एकटी नाई जायचं. हिले संग घेऊन जाजो."

ही म्हणजे माझी नणंद. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी आठच्या आत तिनं डोळे उघडलेले मी पाहिले नव्हते.

"मी काऊन?" ती म्हणाली. "मले कुठं आग विझवायची हाये?"

"तू नुसती बसजो तिथं," सासूबाई म्हणाल्या.

आणि ती खरंच नुसती बसायची. मैदानाच्या कडेला सिमेंटचा बाक होता, त्यावर पाय वर घेऊन, शालीत गुंडाळून, फोन बघत. मैदानावर पोलीस आणि सैन्य भरतीची पोरं-पोरी यायची. त्यांना शिकवणारे सर पुलगावच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले होते. मी त्यांना माझं काम सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "होईन. पण वेळ लागन." मला त्यात काही वाईट वाटलं नाही. मला वेळ द्यायचा होता.

थंडी वाढली तेव्हा नणंदेला बाकावर बसवेना. एका सकाळी ती शाल बाकावर टाकून, पायात चपला असतानाच माझ्या मागं पळायला लागली. "गरम व्हाले पळून राह्यली," ती म्हणाली. पहिल्या फेरीला ती माझ्या मागं होती, दुसऱ्या फेरीला बरोबर. मी वेग वाढवला तर तिनंही वाढवला आणि वर माझ्याशी बोलत होती, कॉलेजातल्या कुठल्याशा मैत्रिणीबद्दल. मला उत्तर द्यायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती भावाचे जुने बूट घालून आली.

सर माझी फेरी झाली की घड्याळ बघून "चांगलं" म्हणायचे. तिची फेरी झाली की काहीच म्हणायचे नाहीत. घड्याळ बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि परत एकदा घड्याळ बघायचे. मला त्या दुसऱ्यांदा बघण्याचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी त्यांना एकदाच बघणं पुरत होतं.

हेवा एकदा घरात शिरला की त्याला खायला काहीही चालतं, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मी तिच्या आधी उठून कणीक मळायचे, नवऱ्याचा डबा भरायचे, मग तिला उठवायचे. ती उठायची, तोंडावर पाणी मारायची, मी केलेला चहा प्यायची आणि मैदानावर मला मागं टाकायची. परत आल्यावर सासूबाई दोघींना सारखंच दूध द्यायच्या. तरी मी पेल्यांकडे बघायचे. तिच्या पोटऱ्या घट्ट झाल्या तेही माझ्या डोळ्यांना लगेच दिसलं. माझ्याही झाल्या असतील, पण त्या मी बघितल्या नाहीत.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "आमच्या घरात कोणी पळणारं निघन असं वाटलं नव्हतं." तो कौतुकानं बहिणीकडे बघत होता. मी वरण वाढत होते. वाढून झाल्यावरही पळी थोडा वेळ हातातच राहिली.

डमीचा सराव आम्ही आधी वाळूच्या पोत्यावर केला. मग सर म्हणाले, "पोतं मुकाट राह्यते. माणूस घसरते, लटकते. एकमेकीले उचला." माणसाचा एक हात आणि एक पाय धरून त्याला आपल्या मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवं घ्यायचं असतं. कोर्समध्ये मी हे केलेलं होतं, म्हणून आधी मी वाकले. नणंदेला खांद्यावर घेतलं, गुडघे सरळ केले, आणि थोडं चालल्यावर डाव्या बाजूला झुकून तिच्यासकट खाली बसले. तिला हसू आवरेना. मलाही हसावं लागलं.

मग तिनं मला उचललं. मी तिला कसं धरायचं ते सांगत होते, ते सांगून होण्याआधीच माझे पाय जमिनीवरून सुटले. तिच्या खांद्यावर आडवी पडून मला मैदान तिरकं दिसत होतं, कडेची बाभळीची झाडं, बाक, सरांचे बूट. तिचा श्वास माझ्या बरगड्यांना लागत होता आणि तो अगदी शांत होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तिनं मला अलगद उभं केलं.

"वहिनी, तू किती हलकी हायेस," ती म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. त्या वेळी तिनं काहीही म्हटलं असतं तरी मला लागलंच असतं.

तिच्याकडे फायरमनचा कोर्स नव्हता, म्हणून माझ्या भरतीत ती येऊच शकत नव्हती. ती माझी प्रतिस्पर्धी नव्हती. हे मी स्वतःला रोज सांगायचे आणि त्याचा काडीचाही उपयोग व्हायचा नाही. मला तिच्याकडून कुठली जागा हिरावली जाण्याची भीती नव्हती. मी जे घाम गाळून मिळवत होते ते तिच्याकडे न मागता आलं होतं, एवढंच माझं दुखणं होतं.

त्याच दिवसांत पोलीस भरती निघाली. सर म्हणाले, हिचाही फॉर्म भरून द्या. नवऱ्यानं दुपारी भरून टाकलं. "असंच," तो मला म्हणाला, "झालं त झालं." नणंद तर मैदानी चाचणीला निघताना केसांना लावायची पिन सापडत नाही म्हणून चिडली होती, बाकी तिला कसलं टेन्शन नव्हतं. धावण्यात ती पुढं होती. गोळाफेक तिला सरांनी थोडेच दिवस शिकवली होती, त्यातही ती पास झाली. लेखी परीक्षा झाली आणि यादीत तिचं नाव आलं. माझ्या भरतीची मैदानी चाचणी मात्र पुढं ढकलली गेली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. घरात दिवसभर माणसं. पेढ्याचे डबे ठेवायला जागा नव्हती. मी चहा करत होते. एक गंज उतरवला की दुसरा चढवायचा. शेजारच्या काकू कप घेता घेता म्हणाल्या, "अन् तुमचं काय झालं वो? आधी त तुम्हीच जात होत्या ना ग्राउंडवर?"

"माझी तारीख यायची हाये," मी म्हटलं.

"येईन, येईन," त्या म्हणाल्या आणि नणंदेच्या तोंडात पेढा घालायला गेल्या.

संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात आली. तिनं मागून माझ्या गळ्यात हात टाकले. "वहिनी, तुह्यामुळं झालं हे सगळं," ती म्हणाली. ते खरं होतं आणि तिला ते मनापासून वाटत होतं. मी तिच्या हातावर थोपटलं. पण मनात आलं ते हेच, की माझ्यामुळं झालं तर माझं का नाही झालं.

पुढच्या थंडीत ती प्रशिक्षणाला गेली. घर मोकळं मोकळं झालं. मला वाटलं आता हेवा कमी होईल, पण ती डोळ्यांसमोर नव्हती तर मी तिच्या रिकाम्या अंथरुणाचा, तिच्या फोनची वाट बघणाऱ्या सासूबाईंचा, असल्या गोष्टींचा हेवा करायला लागले. आणि मैदानावर जायचं तर सोबत कोण, हा प्रश्न परत आला.

"मी एकटी जाते आई," मी म्हटलं. "आता ओळखतात मले सगळे."

"मी येतो," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं गंमत करतात. पण सकाळी त्या तयार होत्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, वर मुलाचं स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात लेकीचे मागं राहिलेले बूट. बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्याकडे फोन नव्हता, त्यामुळं त्या माझ्याकडेच बघत बसायच्या. मी हळू झाले की लांबूनच हात हलवायच्या, पुढं चाल म्हणून.

डमीच्या सरावाला माणूस नव्हतं. मैदानावरच्या मुली आपापल्या सरावात असायच्या. मी परत वाळूचं पोतं घेतलं. दोन-तीन सकाळी सासूबाईंनी ते पाहिलं आणि एक दिवस उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मले उचल."

"आई, काहीतरीच."

"सरनं सांगितलं ना, माणूस पाहिजे म्हणून? मी माणूस नाई का?"

सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या. मी वाकले. त्यांनी साडी सावरली आणि डोळे मिटून घेतले. उभी राहताना माझ्या मांड्या थरथरत होत्या. "पाडशीन त पाड, पण मधेच सोडू नको," त्या माझ्या मानेमागून म्हणाल्या. पोलीस भरतीची पोरं थांबून बघत होती. मी मैदानाच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि त्यांना खाली उतरवलं. पाडलं नाही.

बाकावर बसून आम्ही दोघी धापा टाकत होतो. त्या का टाकत होत्या कोण जाणे. मी पाणी पीत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुले तिचा राग येते ना?"

मी बाटली खाली ठेवली. कोणाचा, असं विचारायचीही सोय नव्हती.

"राग नाई आई."

"मंग जे काही येते ते." त्यांनी मफलर सैल केला. "मलेही येते."

"तिचा? तुमच्या पोरीचा?"

"तिचा, अन् तुहाही. तुम्ही दोघी सकाळी बूट घालून निघाल्या का मी खिडकीत उभी राहो. वाटे, आपल्याले काऊन नाई कोणी उठवलं? मी लय पळो लहानपणी. वावरात बैल सुटला का मलेच धाडे माहा बाप." त्यांनी बुटावरची माती झटकली. "पोरीचा हेवा वाटते म्हणून कोणाले सांगा? तुले सांगून राह्यली."

 रोज सकाळी त्या खिडकीत उभ्या असतात हे मी पाहिलंच नव्हतं. बाहेर पडताना माझं लक्ष कायम नणंदेच्या पुढं पडणाऱ्या पावलांवर असायचं. मी त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. त्या म्हणाल्या, "घट्ट बांध." त्यानंतर रोज त्या माझ्यासोबत एक फेरी चालायला लागल्या. माझा हेवा त्यामुळं गेला असं नाही. फक्त तो एकटीनं सांभाळायचा राहिला नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा माझी तारीख आली. नवऱ्यानं सुट्टी टाकली आणि आम्ही आदल्या दिवशी त्या शहरात गेलो. उंची मोजताना मी इतकी ताठ झाले की मोजणारा म्हणाला, "मॅडम, टाचा खाली." तरी बसली. धावण्यात मी पहिल्या काहींत नव्हते, पण वेळेत होते. डमी उचलली तेव्हा ती मला सासूबाईंपेक्षा हलकी वाटली आणि मला तिथं हसू आलं. शिडी चढले. उडीच्या आधी मात्र वर उभी राहून खाली शीट धरलेली माणसं बघितली आणि मला कठडा सोडवेना. माझ्या आधीची मुलगी थांबली, मागं फिरली आणि जिना उतरून गेली. तिच्या जागी मी मनातल्या मनात नणंदेला उभं करून पाहिलं. तिनं काय केलं असतं ते मला स्पष्ट दिसलं: बोलता बोलता उडी मारली असती. मला तिचा एवढा हेवा वाटला की मी पाऊल पुढं टाकलं.

निवड यादी यायला बरेच महिने लागले. माझं नाव अगदी खालच्या टोकाला होतं, पण होतं. गल्लीत फ्लेक्स लागला नाही. सासूबाईंनी पेढे स्वतः वाटले आणि शेजारच्या काकूंच्या घरी सगळ्यात आधी गेल्या.

आता मी त्या शहरातल्या एका अग्निशमन केंद्रात आहे. नवऱ्याची बदली अजून झालेली नाही, सुट्टीला आर्वीला जाणं-येणं चालू असतं. रुजू झाल्यावर पहिला कॉल एका फर्निचरच्या गोदामाचा आला. दुपारपर्यंत आम्ही पाणी मारत होतो. आत एक चौकीदार खोकत बसला होता, त्याला मी आणि आणखी एकानं बाहेर आणलं. केंद्रात परतल्यावर तोंड न धुता मी नणंदेला फोन लावला. नवऱ्याला नंतर लावला.

ती कुठल्याशा मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभी होती, मागं ढोल वाजत होते. मी सगळं सांगितलं, धूर कसा होता, छप्पर कुठून खचलं, चौकीदार कसा माझी कॉलर सोडत नव्हता. ती मधे एकदाही बोलली नाही, आणि न बोलणं हे तिच्या बाबतीत नवीनच होतं.

"हॅलो? आहेस का?"

"हाये," ती म्हणाली. "मी इथं सकाळपासून दोरी धरून उभी हावो, वहिनी. तुही लय मज्जा हाये."

तो आवाज मी चांगला ओळखत होते. मी तिला म्हटलं की तुझी ड्युटीही महत्त्वाची असते, पाणी पीत जा, उन्हात उभी राहू नको. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसले. हातांना धुराचा वास येत होता, कोणीतरी चहा आणून ठेवला होता, आणि मला फार बरं वाटत होतं.