मशेरीच्या आधी

शनिवारी संध्याकाळी माझ्या आतेभावाचा, भरतचा फोन आला. "बाय, आय गेली…" आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खोकत होती का?" "नाय गो. दुपारची जेवून झोपली, ती उठलीच नाय." रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. करावे गावातली माझी सरूआत्या वयाने गेली, त्या खोकल्याने नाही.

तो खोकला नव्वदच्या दशकातला. मी वाशीत एका लॅबमध्ये रिसेप्शनवर होते. खाडीत चिंबोऱ्या पकडणारी, चार घरं ऐकतील अशा आवाजात बोलणारी आत्या एकाएकी वाळायला लागली. एक्स-रेमध्ये डाग दिसला, पण सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासून काही सापडेना. जन्मभर दातांना तंबाखूची मशेरी लावणारी बाई, त्यामुळे डॉक्टरांना कॅन्सरची शंका. क्षयाचे जंतू वाढवून बघायचे तर कित्येक आठवडे जाणार. मग त्यांनी पीसीआर लिहून दिली. थेट जंतूंचा डीएनए शोधणारी ही तपासणी तेव्हा इतकी नवी होती, की नमुना मुंबईला पाठवावा लागे.

आत्याने सकाळी दिलेली बाटली बघून आमचा टेक्निशियन हबकलाच. आत सगळं काळंकुट्ट!

"आत्या, मशेरी लावून थुंकलीस?"

"मंग? डॉक्टरला बिनधुतल्या तोंडाचा कसा देनार?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरीच मुक्काम ठोकला. उजाडताच मशेरीची डबी ओढणीत बांधून मागच्या पडवीत बसले. आधी खोकायचं, मगच डबी.

"बापाची बहीन हाय मी तुजी!" ती कडाडली, आणि त्या शिव्यांच्या भरात तिला अशी उबळ आली, की हवा तसा नमुना मिळाला.

रिपोर्ट मीच उघडला. टीबी! डॉक्टर म्हणाले, बरा होणारा आजार आहे, फक्त औषध मध्येच सोडू नका. मी लॅबमध्येच ढसाढसा रडले, आनंदाने. भरतने पेढे आणले. टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारं गावात आमचंच घर असेल. भांडी वेगळी करा म्हणून सांगायला आलेल्या शेजारणीच्या हातावरही आत्याने पेढा ठेवला. "बरी व्हनार हाय मी, खा."

औषधं तिने नेमाने घेतली. डाग विरत गेला, कॅन्सरचं भूत उतरलं, आत्या पुन्हा खाडीत उतरली. मशेरी मात्र सुटली नाही. पुढे दर रविवारी मी गेले, की तिने डबी आधीच कुठेतरी दडवलेली असायची आणि मी ती शोधून काढायची. मग ती म्हणायची, "आली बया… चाय ठेवा."

कार्य आटोपल्यावर भरतची बायको आत्याचं सामान आवरत होती. "आयची डबीच कुठं दिसत नाय," म्हणाली. मी सवयीने तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. लागली हाताला… झाकण घट्ट लावलेली. ती गेली शनिवारी. दुसऱ्या दिवशी मी येणार होते ना.