चाकाखालचं पोतं

गाडी पुढून उंच कर. चऱ्होलीच्या रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये जो येतो तो हेच म्हणतो. ज्याची गाडी जन्मात डांबर सोडून खाली उतरणार नाही, तो तर सगळ्यात आधी म्हणतो. मी विचारतो, कशाला? तर म्हणे, दिसते भारी. मग मी भांडतो. माझ्या तोंडाला पहिल्यापासून लगाम नाही, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात आणि गाडी उंच करून माझ्याच शेडसमोरून हॉर्न वाजवत निघतात. जाऊ देत.

माझं म्हणणं काही अवघड नाही. या पिकअप गाड्यांची पुढची दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर, म्हणजे लोखंडी हातावर, सुटी सुटी लटकलेली असतात. त्या आर्मला पोलादाची एक लांब दांडी जोडलेली असते, टॉर्शन म्हणतात तिला. ती पीळ खाऊन गाडीचं वजन पेलते. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचं नाक वर येतं. नवीन काही घालायला लागत नाही, चहा येईपर्यंत काम उरकतं. पण चाकाला खालीवर व्हायला मुळात जागा असते वीतभर. ती सगळी तुम्ही गाडी उंच दिसायला वापरलीत, तर खड्डा आल्यावर चाकाने खाली जायचं कुठून? ते अधांतरी लटकतं आणि नुसतं गरगर फिरतं. एवढी साधी गोष्ट. पण नाही, उंच पाहिजे.

हे मी सगळ्यात जास्त वेळा ज्यांना सांगितलं ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक.

दाजी लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत चेसिस लाइनवर उभ्याने काम करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळायचे आणि बस बदलत दापोडीला घरी यायचं. स्वतःची फोर बाय फोर, चारही चाकांनी ओढणारी गाडी घ्यायची हा एकच नाद होता माणसाला. दारू नाही, पत्ते नाहीत. शेवटी त्यांनी एका ठेकेदाराने वापरून चोथा केलेली डबल केबिन पिकअप घेतली. ताईने कपाळाला हात लावला आणि बरेच दिवस अबोला धरला. ते मात्र नव्या नवरीसारखे लाजत गाडी पुसत बसायचे. आणि माझ्याकडे आणण्याआधी त्यांनी काय केलं असेल? मोशीला कुणाकडून तरी तिचं नाक वर करून घेतलं. मेहुण्याची शेड असताना. माझं डोकंच फिरलं. दाजी गालात हसत म्हणाले की पाव्हणं, तुम्ही केली नसती म्हणून तिकडं गेलो.

चऱ्होलीच्या मागच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण आहे. आहे म्हणजे होती. खाणीतून वर यायला मुरमाचा चढ होता आणि त्याच्या मधोमध पाण्याने तिरका चर पाडलेला. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गुरुवारी तिथे गाड्यावाल्यांची जत्रा भरायची. दाजी दर गुरुवारी जायचे आणि दर गुरुवारी त्या चरावर अडकायचे. डावं चाक वर चढलं की उजवं हवेत. गाडी वाकडी उभी, चाक फिरतंय, आणि बाकीचे मोबाइल काढून उभे. दाजीही त्यांच्यासोबत हसायचे. परत येताना मात्र माझ्या शेडसमोरून न थांबता सरळ घरी जायचे.

मग त्यांचा डावा पाय घासायला लागला. चालताना चप्पल मागे राहायची. नीट पाय उचलून चाला की, असं ताई त्यांच्यावर ओरडायची, आणि ते बिचारे उचलायचा प्रयत्न करायचे. लाइनवर दोनदा पडले तेव्हा कंपनीने डॉक्टरकडे पाठवलं. तिथून मोठ्या डॉक्टरकडे, मग आणखी मोठ्या. पायात सुया टोचून तपासण्या झाल्या. सगळ्यांचं मिळून एकच निघालं, की स्नायूंना चालवणाऱ्या नसा वाळत चालल्यात आणि यावर औषध नाही. आज हा पाय, उद्या तो, मग हात, मग बोलणं आणि गिळणं. ताईने मला हे शेडच्या दारात उभं राहून सांगितलं, पर्स काखेत घट्ट धरून. आत ये म्हटलं तरी आली नाही. मी त्या डॉक्टरला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. त्याचा काय दोष? पण दुसरं कुणाला घालणार होतो?

पुढच्या गुरुवारी दाजी स्वतः गाडी चालवत आले. उतरून एका जुन्या टायरवर बसले. किती वेळ पुढच्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले,

"पाव्हणं, तो चढ मला एकदा चढायचाय. ह्याच पायानं क्लच दाबून. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आधीच माझं ऐकायला काय झालं होतं, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्या दिवसापासून गुरुवार फक्त त्या गाडीचा. पहिलं काम, टॉर्शन सैल करणं. बोल्ट उलटा फिरवत गेलो तशी गाडी खाली बसत गेली आणि दाजींचं तोंड उतरत गेलं. म्हातारी दिसायली, म्हणाले. दिसू दे, म्हटलं. एकदम तळालाही नेता येत नाही, नाहीतर आर्म जाऊन वरच्या रबरावर आपटतो. मधली जागा शोधावी लागते. थोडं सैल करायचं, गाडी हलवून बसवायची, बघायचं, पुन्हा पाना लावायचा. मग दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधणारा रॉड सोडला. रस्त्यावर तो गाडी झुकू देत नाही, पण चरात एका चाकाने खाली जायचं म्हटलं की दुसरं त्याला ओढून धरतं. मूळचे शॉकअप आखूड पडत होते, चाक उतरायला लागलं की तेच अडवायचे. लांब पाहिजे होते. ते मिळेपर्यंत बरेच गुरुवार फुकट गेले. फुकट म्हणजे, दाजी मधल्या काळात काठी घेऊन यायला लागले.

चाक टेकतंय की नाही ते बघायची आमची पद्धत अशी. डावं चाक सिमेंटच्या ब्लॉकांच्या चळतीवर चढवायचं आणि उजव्या चाकाखाली आधीच एक रिकामं पोतं अंथरून ठेवायचं. चाक टेकल्यासारखं दिसतं पण वजन नसतं, डोळे फसतात. म्हणून पोतं ओढून बघायचं. निघालं तर चाक अधांतरी. नाही निघालं तर टेकलं. पोतं ओढायचं काम दाजींनी स्वतःकडे घेतलं होतं. मी ब्लॉकवर गाडी चढवायचो, ते खाली बसून ओढायचे आणि पोतं हातात घेऊन माझ्याकडे बघायचे. निघालं. आम्ही पुन्हा पाना घ्यायचो.

नवे शॉकअप बसवले त्या गुरुवारी मी गाडी चढवली, हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून बघितलं. दाजी खाली बसून पोतं ओढत होते आणि ते येत नव्हतं. दोन्ही हातांनी ओढलं. नाहीच आलं. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. लग्नात वरातीच्या पुढे नाचताना बघितला होता तसा.

"निघंना! टेकलं बग, भावा, टेकलं!"

मी उडी मारून उतरलो. खात्री करायची म्हणून सहज खाली वाकून पोत्याचं टोक धरलं. दोन बोटांत. ते सळकन माझ्या हातात आलं.

चाक हवेत होतं. दाजींच्या हातात जोर नव्हता.

ते माझ्या हातातल्या पोत्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले आणि मांडीवर ठेवून दिले. मी काहीतरी बडबडलो, की तुम्ही ओढताना गाडी हलली असेल, मला पण आधी वाटलं होतं टेकलंय. कुणाचा विश्वास बसणार? दाजी एवढंच म्हणाले की आजच्याला पुरे. त्यांना उठवताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी माझा दंड धरला नव्हता, मीच त्यांचा धरला होता.

त्यानंतरचं सगळं काम मी पिसाटासारखं केलं. गिऱ्हाइकं हाकलून दिली. वरच्या बाजूचं रबर थोडं तासलं, म्हणजे वर चढणाऱ्या चाकाला जास्त वर जाता येईल. टॉर्शन दोन्हीकडून सारखी केली. एक्सल फार तिरका होऊन त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटत नाही ना ते बघितलं. आणि एका गुरुवारी पोतं खरंच निघालं नाही. मी ओढलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून ओढायला लावलं, फाटलं पण निघालं नाही. बघायला दाजी नव्हते. त्यांना आणायला मी दापोडीला गेलो तेव्हा ताई त्यांना चमच्याने भात भरवत होती.

खाण तोवर बुजत चालली होती. टॉवर येणार म्हणून कडेने पत्रे लागले होते, राडारोड्याचे डंपर येत होते. चढ अजून शिल्लक होता, पण किती दिवस ते सांगता येत नव्हतं. म्हणून त्याच गुरुवारी गेलो. ताई पण आली. या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती.

चढाच्या पायथ्याला आम्ही दाजींना स्टेअरिंगवर बसवलं. ताईने उघड्या दारातून आत वाकून त्यांचा डावा पाय हाताने उचलला आणि क्लचवर ठेवला. दाजींनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून तो खाली रेटला. मी शेजारून लो गिअर टाकून दिला. पाय पेडलवरून घसरला, गाडी आचका देऊन बंद पडली. ताईने पाय पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी मागे सुटली आणि मी हँडब्रेक खेचला. त्यानंतर ताईने पाय उचलला नाही. ती तशीच वाकलेली, त्यांचा पाय दोन्ही हातांत धरून. दाजींनी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं होतं.

घरी जाऊ, असं मी म्हणालो. मला तिथे एक क्षण थांबायचं नव्हतं. दाजी नाही म्हणाले. गाडीची काय चूक, तू चढव, म्हणाले.

आम्ही त्यांना शेजारच्या सीटवर सरकवलं. मी चढवली. चरावर डावं चाक वर गेलं आणि उजवं खाली उतरलं, आणखी उतरलं, आणि टेकलं. अडकली नाही, चाक गरगरलं नाही, आवाज नाही. बैलगाडीच्या चालीने वर आली. इतके गुरुवार ज्याच्यासाठी घातले ते सगळं एका दमात होऊन गेलं. दाजी माझ्या खांद्यावर कलून पूर्ण वेळ माझ्या खिडकीतून खाली, चाक जिथे उतरत होतं तिथे बघत होते. वर आल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वर येत नव्हता. ताईने पदराने पुसलं. मला रडू आवरलं नाही. राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही.

जरा वेळाने ते म्हणाले, "भावा, परत उंच कर."

मला कळलंच नाही. उंच कशाला, आत्ता तर चढली.

"विकायचीय. हिच्या हाताशी काय तरी पाहिजे का नाही? गिऱ्हाइकाला उंच लागती. आवळ परत."

मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये घेतली, लांब शॉकअप काढले, जुने आखूड घातले, रॉड जोडला आणि टॉर्शनचे बोल्ट आवळत गेलो. नाक वर यायला लागलं. चहा येईपर्यंत उरकलं. गिऱ्हाईक आलं, त्याने लांब उभं राहून पुढून बघितलं आणि म्हणाला, काय उभी आहे राव. लगेच घेऊन गेला.

दाजी आता खाटेवरच असतात. त्यांचं बोलणं मला समजत नाही, ताईला समजतं. परवा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला. ताईने त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"उंच केल्यावर आता पोतं निघतं का, म्हणतायत," ती म्हणाली. "कसलं पोतं रे?"

निघतं, असं मी दाजींना सांगितलं. ओढलं की लगेच निघतं. त्यांनी डोळे मिटले. ताई मला पुन्हा विचारत होती, कसलं पोतं म्हणून.