जवारी राहिलेली जोडी

मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि सगळीकडे सरसाचा वास. त्या उन्हाळ्यात मी सकाळी त्या खोलीत शिरायचो आणि लगेच बाहेर यायचो. कधी पाणी प्यायला, कधी फोन आला म्हणून, कधी बराच वेळ फोन आला नाही म्हणून. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली तंबोऱ्यांची एक जोडी उभी होती. तिच्याकडे पाठ केली की मला जगातलं कुठलंही काम जमायचं.

ती जोडी साताऱ्याच्या एका गाणाऱ्या बाईंची. बाई गाणं शिकवतात. वय झालंय. त्यांचा जुना तंबोरा पडून फुटला, तेव्हा त्यांनी अब्बांना फोन करून नवी जोडी सांगितली. अब्बांनी भोपळे स्वतः निवडले, तुणीच्या लाकडाच्या दांड्या कोरल्या, लाखेचं पॉलिश मात्र माझ्याकडून करून घेतलं. सगळं झालं होतं. फक्त जवारी लावायची राहिली होती.

तंबोऱ्याच्या तारा भोपळ्याच्या तबलीवर, म्हणजे तोंडावरच्या लाकडी झाकणावर, बसवलेल्या घोडीवरून जातात. घोडीचा माथा हाडाचा असतो. तो कानशीने घासून असा उतार द्यायचा, की तार त्याच्यावर टेकली न टेकली अशी राहील आणि छेडल्यावर नुसती न वाजता गुंजत राहील. यालाच जवारी म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला तर तार पत्र्यासारखी वाजते. कमी पडला तर मुकी राहते. आणि घासून गेलेलं हाड काही परत येत नाही. शाळकरी मुलांच्या साध्या तंबोऱ्यांच्या जवाऱ्या मी लावायचो. पण मैफलीच्या जोडीला दुकानात फक्त अब्बांचाच हात लागायचा.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एका सकाळी अब्बांच्या हातातून चहाचा कप पडला. उचलायला वाकले, ते तसेच कलंडले. लकव्याचा झटका होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. बोलणं हळूहळू परतलं, पण जड. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं सगळं मराठीत सांगतोय. घरी आल्यावर त्यांचं पहिलं सबंध वाक्य होतं, "साताऱ्याची जोडी तू कर."

मी हो म्हणालो. आणि मग सुरू झालं ते.

पहिल्यांदा मी सगळ्या कानशी साफ केल्या. मग खुंट्यांचा डबा उपसून लहानमोठ्या खुंट्या वेगळ्या लावल्या. दुकानाच्या पाटीवरचा दिवा कित्येक महिने गेलेला होता, तो बदलला. फोनवर दुसऱ्या कारागिरांचे जवारी लावतानाचे व्हिडिओ बघितले. एक बघितला की खाली दुसरा यायचा. तो बघताना वाटायचं, आपण कामच करतोय. दुपार व्हायची, डोळे चुरचुरायचे, आणि चादर होती तशीच असायची.

बायको रोज विचारायची, "आज जोडी?"

"आज हवा दमट आहे. हाड नीट कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी, "आज ऊन फार आहे. लाकूड ताणलंय."

"तुमच्या जोडीला हवामान खातंच लागतंय," ती म्हणाली. पहिल्यांदा हसून म्हणाली. नंतर नंतर न हसता.

बाईंचे फोन यायचे. मी सांगायचो, पुढच्या आठवड्यात. मग सांगायला लाज वाटायला लागली, तेव्हा फोन वाजला की बायकोच्या हातात द्यायचो. तीही एकदा चिडली. "माझ्याशी त्या किती प्रेमानं बोलतात, तुम्हाला माहीत नाही. मलाच रडू येतं."

रात्री झोप लागायची, पण पहाटेच जाग यायची. मी आळशी नव्हतो. दिवसभर हात चालूच असायचे. सतारींची दुरुस्ती, पेट्यांचे भाते, गिऱ्हाईक. पण प्रत्येक कामाच्या मागे ती चादर उभी असायची, त्यामुळे कुठल्याच कामात जीव रमायचा नाही.

मार्चमध्ये एकदा मी सकाळी कारखान्यात शिरलो, जोडीकडे बघितलं आणि सरळ स्टँडवर जाऊन तासगावची एसटी धरली. तासगावजवळ शाळेतला एक मित्र राहतो. त्याची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेड. माल जाळ्यांवर टाकायचे दिवस होते. मला बघून तो शेडमधूनच ओरडला, "कारं गड्या, आज दुकान बंद हाय व्हय?"

"नाही. सहज आलो."

"सहज कोन येतंय ह्या उनात?"

 जाळीवर हिरवी द्राक्षं पसरायला त्याच्याबरोबर उभा राहिलो. हात चालायला लागले तसं बरं वाटलं. तो मात्र सारखा शेडबाहेर डोकावून आभाळ बघत होता.

"काय बघतोस?"

"ढग. आता पाऊस पडला तर समदं बोंबललं. टाकल्यापास्नं माल वाळंपत्तूर मला भ्या वाटतं. दरवर्सी."

"मग रे?"

"मग काय? भीत भीत टाकतो. येलावर ठिवून कवा बेदाना हुतो व्हय?"

मला त्याचा राग आला. मी त्याला माझं काही सांगितलं नव्हतं. तो त्याच्याच मालाबद्दल बोलत होता. तरी वाटलं, हा आपल्यालाच बोलतोय. जेवायला थांब म्हणाला, थांबलो नाही. परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसून सारखा फोन काढत होतो, ठेवत होतो. सांगलीत गाडी सुटायला वेळ लागला तर उतरून चालत जावंसं वाटलं.

दुकानात पोचलो तर साताऱ्याच्या बाई आत बसलेल्या. समोर अब्बा. दोघांच्या मध्ये चहाचे रिकामे कप. बाई एकट्या एसटीने आल्या होत्या. पायाशी कापडी पिशवी, हातात काठी.

"आलास? बस," त्या म्हणाल्या. मी लहान असल्यापासून त्या मला अरेतुरे करतात. "माझी जोडी दाखव."

मी चादर काढली. धूळ उडाली. बाईंनी एका तंबोऱ्याच्या दांडीवरून बोटं फिरवली, भोपळ्यावर तळहात ठेवला. "देखणी झालीय," अब्बांकडे बघून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी काळी चार सांगितली होती. आठवतं?"

"हो."

काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तो सा धरून त्या आयुष्यभर गायल्या. त्याच हिशेबाने मी तारा चढवून ठेवल्या होत्या.

"आता चार नको. काळी दोन कर. गेल्या पावसाळ्यापासून आवाज उतरत चाललाय. वरच्या सुराला गेलं की घसा ओढतो."

मी उभाच राहिलो. सांगितली तेव्हा जोडी झाली असती, तर ती त्यांच्याबरोबर काळी चारला वाजली असती. मी खुंट्या निवडत होतो, व्हिडिओ बघत होतो, आणि तिकडे साताऱ्यात त्यांचा सूर खाली येत होता. अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रस्त्याकडे बघत राहिले.

"आणखी थांबलास तर अजून खालची पांढरी एक मागायला येईन हं मी," बाई म्हणाल्या आणि मोकळं हसल्या. त्यांच्या हसण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला हसता आलं नाही.

त्यांची भाची सांगलीत असते. तिच्याकडे मुक्काम करणार होत्या. निघताना म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. तू काम कर, मी नुसती बसेन. बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या आणि कारखान्याच्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या. अब्बांनाही तिथंच यायचं होतं. त्यांना धरून आणलं. मी फोन बायकोला दिला. "कुणाचाही आला तरी आत येऊ नकोस," असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "घर पेटलं तरी?" आणि पुढे दुकानात जाऊन बसली.

जुन्या तारा काढल्या, खालच्या पट्टीला लागतात तशा जाड चढवल्या. सूर लावले. इथपर्यंत सोपं होतं. मग कानस हातात घेतली आणि अंगातून मुंग्या धावायला लागल्या. तहान लागली. पाठ खाजायला लागली. पंख्याचा आवाज आज जास्त येतोय असं वाटलं, उठून बंद केला. मग उकडायला लागलं, उठून चालू केला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. अब्बांचे डोळे उघडे होते.

मी तार बाजूला करायचो, घोडीवर कानस फिरवायचो, तार परत बसवून छेडायचो. मुकी. पुन्हा घासायचं. अजून मुकी. माझा धीर सुटला, हात जोरात पडला. तार बसवून छेडली तर टर्र असा आवाज आला. पत्रा. खोलीतल्या तिघांनीही ऐकला.

मी उठलो, दाराशी जाऊन पायात चपला घातल्या. कुठं जाणार होतो, मला माहीत नव्हतं. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"चप्पल काढ," अब्बा म्हणाले.

मी काढली. "हाड गेलं अब्बा. नवं बसवावं लागेल. सरस वाळायला वेळ लागणार. म्हणजे आता उद्याच..."

त्यांनी डावा हात उचलून दुसऱ्या तंबोऱ्याकडे बोट केलं.

मी पहिल्याच्या घोडीवर नवं हाड बसवून ती वाळायला ठेवली आणि दुसरा तंबोरा मांडीशी घेतला. तारांवरून नजर फिरवली. एका घोडीवर चार तारा, चारांचं चार तऱ्हेचं वागणं. माझा चेहरा बघून अब्बा सावकाश, शब्द गोळा करत बोलले. "चारी नको बघू. एक बघ. ती झाली की दुसरी."

मी तीन तारा ढिल्या करून बाजूला सारल्या. राहिली पंचमाची. तेवढ्याच तारेखालचं हाड बघितलं. कानस हलकी धरली. एकदा फिरवली, ऐकलं. पुन्हा एकदा, ऐकलं. मनात मधूनच येत होतं, हीपण जाणार. त्याला मी येऊ दिलं, आणि घासत राहिलो. भीती काही गेली नाही. हात मात्र तिच्याबरोबर चालत राहिला.

दुपारची अजान कधी झाली ते मला कळलं नाही. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली होती. केव्हातरी तार छेडली आणि ती थांबेचना. भोपळ्यातून गुंजन उठलं आणि खोलीत फिरत राहिलं. मी दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला, तसं ते आणखी उघडलं. बोलणार नाही म्हणालेल्या बाईंनी डोळे न उघडता त्यात आपला सा मिसळला. अगदी हळू, स्वतःपुरता. मी मान बाजूला वळवली. डोळे भरले होते आणि हाडावर पाणी पडलं असतं.

संध्याकाळपर्यंत तो तंबोरा झाला. बाई भाचीकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतल्या. नवं हाड बसवलेला पहिला तंबोरा बाई समोर नसताना करायचा होता आणि तो जास्त अवघड गेला. दोनदा मी दुकानातून बाहेर पडून चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदा अब्बांनी नुसता घसा खाकरला तेवढ्यावर परत बसलो. पण बाईंना आता मीच फोन करत होतो. आज मधल्या जोडाची एक तार झाली. आज काहीच झालं नाही. त्या म्हणायच्या, "बरं. उद्या सांग."

जोडी मी स्वतः साताऱ्याला नेली. भाड्याच्या जीपमध्ये गादी टाकून दोन्ही तंबोरे आडवे ठेवले आणि सबंध रस्ता मागेच बसून राहिलो. खड्डा आला की दोन्ही हातांनी दांड्या धरायचो.

बाईंच्या घरी त्यांच्या दोन विद्यार्थिनी जोडी घेऊन मागे बसल्या. सूर मिळवले आणि बाई गायला लागल्या. काळी दोन. आवाज थकलेला होता, पण त्या पट्टीत तो ओढत नव्हता, टेकून उभा होता. मी दाराशी बसलो होतो. थोड्या वेळाने मला ऐकू यायला लागलं. नव्या हाडाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे शेवटच्या जाड तारेचा सूर, किंचित कोरडा होता. एकदा ऐकू आला म्हटल्यावर मला तेवढंच ऐकू यायला लागलं. पिशवीत कानस होती. मी गुडघ्यावर उठलो. बाईंनी गाता गाता तळहात माझ्याकडे केला. मी खाली बसलो. गाणं संपेपर्यंत बसून राहिलो, आणि त्यात मला कारखान्यातल्या त्या दिवसापेक्षा जास्त कष्ट पडले.

"खर्ज जरा कच्चा आहे," त्या नंतर म्हणाल्या. "वाजून वाजून लाकूड बसू दे. दिवाळीत ये, तेव्हा बघू. आता जेवायला चल."

परतताना कराडजवळ जीप थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी घरी फोन लावला. बायकोने तो अब्बांच्या कानाला धरला.

"दिली?"

"दिली. नव्या हाडाच्या तंबोऱ्याचा खर्ज थोडा कच्चा राहिला अब्बा."

 अब्बा म्हणाले, "माझाही कधीकधी राहायचा."

मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. फोन बंद करून मी रिकाम्या गादीवर बसलो. हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत कळेना. मग कोल्हापूरच्या एका माणसाची आठवण झाली. त्याच्या मुलीची सतार संक्रांतीपासून आमच्याकडे दुरुस्तीला पडून होती. त्याला फोन करून सांगितलं, गुरुवारी तयार ठेवतो, या. तो खूश झाला. मी फोन ठेवला आणि गुरुवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. ड्रायव्हर परत आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "चला, जरा लवकर सोडा मला."