पहिला तास फुकट

आज सकाळी बन्सीकाका गेले.

गावच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर हजर होते.

हे वाचून आमच्या गावातले लोक हसतील. हसा. काकांना चाललं असतं.

काका अंकुशनगरला साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच जन्मभर लिहिलं. रिटायर होऊन गावी आले आणि काकूच्या स्वयंपाकाची वेळ टिपायला लागले.

काकू म्हणाली, बाहेर कुठंतरी बसत जा.

ते दवाखान्यात जाऊन बसले.

डॉक्टर जालन्याला राहायचे. गावात कधी येतील ते त्यांच्या जीपवाल्यालाही माहीत नसायचं. मस्टरवर मात्र रोजची सही. आठवडाभराच्या सह्या एकाच बैठकीतल्या. काकांना ते दुरूनच कळलं.

माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता. काकांनी अर्ज टाकला. डॉक्टरांचं हजेरी मस्टर बघायचं आहे.

क्लार्क सोनवणे हेच तिथले माहिती अधिकारी. नकला द्यायच्या तर झेरॉक्ससाठी जाफराबाद गाठावं लागणार. त्यांनी कळवलं, मंगळवारी अकराला समक्ष येऊन बघा. पहिला तास फुकट, पुढं फी.

त्यांना वाटलं, म्हातारा एकदा येईल.

काका दर आठवड्याला नवा अर्ज टाकू लागले.

सोनवणे एकट्याने काय बोलून बसतील या भीतीने डॉक्टरही मंगळवारी यायला लागले. काकांसमोर मस्टर उघडं आहे तोवर ते उठत नसत. बारा वाजले की काका मस्टर मिटायचे. फी भरायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी जीप सुटायची.

दोन महिन्यांत गावाला हिशेब कळला. मंगळवार, अकरा ते बारा. लोक तोवर खोकला धरून ठेवायचे.

"काका, या मंगळवारी बसणार ना? मह्या पोराला ताप हे."

एकदा परतूरला मंगळवारचं लग्न निघालं. गावाने काकांना जाऊ दिलं नाही. काकू एकटीच जेवून आली.

मग माझी बहीण लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

कळा सुरू झाल्या त्या मंगळवारी सकाळी. आई म्हणाली, पोर गुणाची.

पावणेबाराला नर्स बाहेर आली. बाळ पायाकडून येतंय, डॉक्टर पाहिजेत, वेळ लागेल.

बारा वाजले. डॉक्टर म्हणाले, जालन्याला हलवा. जालना म्हणजे त्या रस्त्याने दोन तास. त्यांनी बॅग उचलली. बाहेर जीप सुरू झाली.

काकांनी मस्टर मिटलं नाही.

"सोनवणे, फी घ्या."

सोनवण्यांना पावतीपुस्तक सापडेना. कधी लागलंच नव्हतं. म्हणाले, काका, बसा तसेच.

"फुकट न्हाई बसायचं. पावती फाडा." मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाले, "साहेब, ही जूनची सही अन् ही जुलैची, सारखी वाटून न्हाई राह्यली. बसा. बराबर समजावून सांगा."

डॉक्टर बसले. सोनवण्यांनी कपाट उपसून पुस्तक काढलं आणि पावती फाडली.

नर्सने हाक मारली की ते आत जायचे. बाहेर आले की काकांनी पुढचा महिना काढलेला असायचा. मी दारात उभा होतो. काकांचं बोट पानावरून सरकत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी आतून रडणं ऐकू आलं.

डॉक्टर हात पुसत आले. घामाने शर्ट भिजला होता. त्यांनी विचारलं, "अजून काही शंका?"

काकांनी मस्टर मिटलं.

"न्हाई. सही तुमचीच हे."

मुलीचं नाव मंगल ठेवलं. लताच्या सासरी ते जुनाट वाटलं. इलाज नव्हता.

मंगल आता तीन वर्षांची आहे. डॉक्टरांनी त्यानंतर गावातच खोली घेतली. का, ते कुणी विचारलं नाही. काकांनी अर्ज मात्र थांबवले नाहीत.

आज काकांच्या पाकिटात ती पावती निघाली. घडीवर फाटलेली.

आज बुधवार आहे. तरी डॉक्टर पहाटेपासून त्यांच्या उशाशी होते. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ लिहिण्याआधी त्यांनी घड्याळ दोनदा बघितलं. मग सोनवण्यांचंही बघितलं.

या, काका. वेळ बराबर लिहिली आहे.