मिस्त्रीचा फोन

"काकू, मी बोलून राहिलो."

बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही, दुकान नाही. महाशिवरात्र झाली आणि दुपारचं ऊन अंगणात टोचायला लागलं की आमच्या अमरावतीच्या कॉलनीत घरोघरी हा फोन वाजायचा. मागे स्कूटरचं इंजिन धडधडत असायचं, कारण हा माणूस फोन करताना स्कूटर कधी बंद करत नसे. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. तिकडून "मी" म्हटलं की इकडून "हं, बोल मिस्त्री" एवढंच उत्तर जायचं. कोण बोलतंय, असं विचारायची आमच्याकडे पद्धतच नाही. ओळखीच्या माणसाला 'तुम्ही कोण' म्हणणं म्हणजे त्याला भरल्या पानावरून उठवणं. आवाज नाही ओळखला तरी आपण हो हो म्हणत राहतो आणि बोलण्याबोलण्यातून अंदाज घेतो. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर हे तुम्हीही केलेलं असणार.

तो आमचा कूलरवाला मिस्त्री. तसा फ्रिज, मिक्सर, कपडे धुवायचं मशीन असं सगळंच उघडायचा, पण खरा हंगाम कूलरचा. माळ्यावरचा लोखंडी कूलर खाली काढायचा, टाकी घासायची, मोटरला तेल द्यायचं, वाळ्याच्या जुन्या ताट्या फेकून नव्या लावायच्या आणि सगळं धूड खिडकीत बसवून द्यायचं. इकडचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला त्या खिडकीची किंमत सांगायला नको.

हाताला फार यश होतं असं मात्र नाही. दुरुस्ती झाली की एखादा स्क्रू हमखास उरायचा. "हा कंपनीनं उगीच लावला होता, भाऊ," असं म्हणून तो स्क्रू शर्टच्या खिशात टाकायचा. वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. "उद्या सकायी येतो, झालंच समजा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमची ही म्हणायची, "कोणत्या महिन्यातल्या सकाळी, तेवढं विचारून घ्या." त्यावर तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा आणि तरीही उशिराच यायचा.

पण तो आला की घर त्याच्यावर सोडून खुशाल बाहेर जाता यायचं. आमच्या समोर गावंडे काकू राहत. काकाजींना अर्धांगवायू झालेला, पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खाट. काकूंना बाहेर पडायची चोरी. मिस्त्री कूलरला बसला की त्या पिशवी उचलायच्या. "मिस्त्री, यायच्याकडे पाहजो बरं, मी भाजी घेऊन येतो." आणि निघायच्या. इतर वेळी सख्ख्या भाच्यावर काकाजींना न सोडणारी बाई ही.

मागे मिस्त्री आणि काकाजींच्या गप्पा चालायच्या. काकाजींना एकच अक्षर बोलता यायचं, "हं."

"काकाजी, ताटी जाड लावू का पातळ?"

"हं."

"जाड म्हणून राहिले काकाजी," असं तो मला खिडकीतून ओरडून सांगायचा. "यायले बरोबर समजते. औंदा ऊन जास्त हाये म्हणतात."

काकाजी तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसायचे. त्यांना हसताना मी दुसऱ्या कोणासमोर पाहिलं नाही.

एका वर्षी फोन जरा लवकर आले. माघ सरायचा होता, सकाळी अजून स्वेटर निघत होते. मिस्त्रीला औंदा लवकर जाग आली म्हणून आम्ही चहा घेताना हसलो. फोन करणाऱ्यानं काकूंना म्हटलं होतं, "नमस्कार काकू, ओळखलं नाही का?" झालं. काकूंच्या तोंडून आपोआप निघालं, "मिस्त्री का?" तो म्हणाला, "हो, मिस्त्रीच." आवाज वेगळा का, तर घसा बसला आहे. यंदा वर्कशॉप टाकलं, सामान तिकडेच नेऊन सर्व्हिसिंग करून देतो, पोट्टे पाठवतो, फ्रिजचं काही असेल तर तेही सांगा. फ्रिज आवाज करत होताच. काकूंनी तोही सांगितला.

दुसऱ्या दिवशी लोडिंग ऑटो आला. दोन पोरं होती, अंगात सारखे टी-शर्ट, बोलायला गोड. काकूंनी त्यांना पोहे दिले, वर दही दिलं. मिस्त्रीची पोरं म्हणून कौतुकानं चौकशी केली. कूलर गेला, फ्रिज गेला. कॉलनीतल्या आणखी काही घरांचंही असंच गेलं. आमचा वाचला तो केवळ आमच्या हिनं माळा आवरायला काढलेला नव्हता म्हणून, यात शहाणपणा काही नाही. पोरं गेली ती गेलीच. तो नंबर पुन्हा लागला नाही.

फ्रिजमध्ये काकाजींचं इन्सुलिन असायचं. काकूंनी ते आधीच काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

त्यानंतरच्या चर्चा तुम्हाला सांगायला नकोत. सगळ्यांचे नंबर कोणाकडे आहेत? मिस्त्रीकडे. कोणाच्या घरी काय काय आहे, हे कोणाला ठाऊक? मिस्त्रीला. ठाकरे म्हणाले, त्यातला एक पोरगा त्याच्या पुतण्यासारखा दिसत होता. ठाकऱ्यांनी त्याचा पुतण्या कधी पाहिला होता, ते मात्र कोणी विचारलं नाही. पोलिसांत तक्रार गेली, त्यांनी मिस्त्रीलाही बोलावून विचारलं, जाऊ दिलं. ते त्यांचं कामच होतं.

महाशिवरात्र झाली. मी एका दुपारी गावंड्यांकडे काकाजींना बघायला बसलो होतो आणि काकूंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"काकू, मी बोलून राहिलो."

मागे स्कूटर धडधडत होती. काकाजींनी मान वळवली.

"मी कोण?" काकू म्हणाल्या.

तिकडून नुसतं इंजिन.

"मी... मिस्त्री, काकू."

"कोण मिस्त्री?"

मग त्यानं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. आणि गंमत बघा, त्या खोलीत कोणालाच ते नाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो घरात येत होता, पण नाव घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून "तोच आहे" म्हणालो. त्यांनी फोन बंद केला.

"तोच आहे, काकू. खरा."

"मले काय समजत नाही का रे?" त्या म्हणाल्या. "आवाज वळखला मी. पण छातीत धडधड सुरू झाली, तिले काय करू?"

मला राग यायला हवा होता, कोणावर तरी. आला नाही. काकाजी फोनकडे बघत राहिले.

त्या वर्षी मिस्त्रीला कॉलनीभर हाच प्रश्न ऐकावा लागला. कोणी तिखटपणे विचारलं, कोणी हसत, कोणी त्याचा फोनच उचलला नाही. मला तो चौकात भेटला तेव्हा पानटपरीपाशी उभा होता, पान न घेता.

"पोलिसांनं कोण म्हणून विचारलं तं मले काही वाटलं नाही, भाऊ," तो म्हणाला. "त्यायनं चहा पाजला. काकूनं विचारलं तं मले माहं नावच आठवेना."

"जाऊ दे. चार दिवसांत विसरतील लोक."

"हो," तो म्हणाला. "झालंच समजा."

तरी गावंड्यांच्या खिडकीत कूलर लागला, तो त्यानंच लावला. जुना, कुठून तरी आणलेला, दुसऱ्याच रंगाचा. काकूंचा भाचा सोबत होता, त्यानं सगळं ठरवलं होतं. भाच्याला काम होतं म्हणून तो निघून गेला. त्या दिवशी भाजीवाला दारावरून ओरडत गेला, पण काकूंनी पिशवी उचलली नाही. त्यांनी दारातच खुर्ची टाकली आणि मिस्त्रीचं काम संपेपर्यंत तिथं बसून राहिल्या. ऊन सरकत त्यांच्या पायावर आलं.

"काकू, तुमी आत बसा, ऊन लागून राहिलं."

"राहू दे."

तो पुन्हा मोटरकडे वळला. काकाजींना त्यानं त्या दिवशी काही विचारलं नाही. काकाजी वाट बघत होते, ते मला माझ्या ओट्यावरून दिसत होतं. मध्येच ते आपणहून "हं" म्हणाले. मिस्त्रीनं मान वर केली, "हो काकाजी," म्हणाला आणि ताटी बसवली. काम झाल्यावर काकूंनी चहा केला. तो त्यानं पायरीवर बसून घेतला. कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि गेला.

नंतर काकू माझ्याकडे येऊन रडल्या. "त्यानं काही नाही केलं, मले माहीत हाये. पण माह्यानं उठवलं नाही जाई त्या खुर्चीवरून." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला नाही. कोणाकडेच नाही. कॉलनीनं दुसरा माणूस शोधला. तो वेळेवर यायचा, पावती द्यायचा. काकूंनी मात्र त्या साली मिस्त्रीला फोन लावला होता. वाजत राहिला, असं त्या म्हणाल्या. पुढं माझी बदली अकोल्याला झाली आणि रोजची भेट तुटली.

अकोल्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या चैत्रात फ्रिजनं मान टाकली. कंपनीत तक्रार नोंदवली, मोबाइलवर मेसेज आला, दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर गळ्यात कार्ड, निळा टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला, खांद्याला हत्यारांची बॅग. मान खाली, नजर स्वतःच्या मोबाइलवर.

"सर, नंबर आला असंल, तो सांगा."

"मिस्त्री!"

त्यानं वर पाहिलं. केस पांढरे झाले होते. एक क्षण त्याचा चेहरा पूर्वीसारखा उघडला.

"भाऊ! तुमी इथं कुठं?"

"अरे, ये ना आत."

तो आला नाही. "नंबर सांगा, भाऊ. त्याच्याबिगर आत येता येत नाही."

मी हसलो, त्याला वाटलं तर तोही हसेल म्हणून. तो नुसता वाट बघत राहिला. मी चष्मा शोधला, मोबाइल शोधला, नंबर वाचून दाखवला. त्यानं तो टाइप केला, हिरवी खूण आली ती मला वळवून दाखवली आणि मग बूट काढले.

काम त्यानं मुकाट्यानं केलं. मीच विचारत होतो, तो उत्तरं देत होता. मुलगी दिली, बाळापूरला. गुडघे दुखतात. पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

"मग इथं बरं आहे म्हणायचं?"

"बरं हाये." त्यानं फ्रिजचं मागचं झाकण लावलं. "आपण कोण ते सांगावंच लागत नाही. लोकं माह्याकडे पाहतच नाहीत, नंबर पाहतात."

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. बस किती वाजता आहे ते सांगावं, तसं सांगितलं.

"काकूंचा फोन आला होता ना तुला?"

"येते अजून. उन्हाया लागला का येते." तो पेचकस पुसत होता. "नाव दिसते त्यायचं."

"मग?"

"वाजू देतो. उचलून काय बोलू, भाऊ? चांगल्या हायेत काकू. मले पाहून त्यायले पुन्हा धडधड होईन." मग थोड्या वेळानं, "काकाजी हायेत?"

"आहेत."

"हं," तो म्हणाला.

त्यानं बॅग भरली, बूट घातले. मी दारापर्यंत गेलो. चहाचं विचारलं तर पुढचा कॉल लागला आहे म्हणाला आणि ते खरंही असेल. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

"भाऊ, कडी लावून घ्या आतून. आजकाल कोणीबी येते."

"लावतो रे. तू जा."

तो गेला नाही. तिथंच उभा राहिला, कठड्याला हात धरून, माझ्याकडे न बघता. मला त्याच्या तोंडावर दार लावायचं नव्हतं, म्हणून मीही उभा राहिलो. शेवटी मी दार लोटलं आणि कडी सरकवली. ती नीट बसल्याचा आवाज झाला, तेव्हा त्याची पावलं खाली उतरू लागली.