साळूबाईचा भाऊ

व्यंकटराव माणूस लाखातला, पण सभ्य फार. असल्या सभ्यपणाची मला हल्ली भीतीच वाटते.

मी गीताबाई. उस्मानपुऱ्यात आमच्या संस्थेचा नेतृत्वाचा वर्ग मी घेते. निरनिराळ्या जातींतल्या, वस्त्यांतल्या माणसांच्या जोड्या लावायच्या अन् वर्षभर एकमेकांच्या घरी जायला लावायचं. उद्या गावात काही पेटलं तर हीच माणसं मधी पडतील, असा आमचा हिशेब. व्यंकटराव कोर्टातले रिटायर कारकून, घरात एकटेच. त्यांच्याशी मी करमाडच्या गोकुळची जोडी लावली. गोकुळ शेतकऱ्याचा, वाळूजला कंपनीत कामाला. पहिल्या दिवशी दोघं रुसलेल्या व्याह्यांसारखे बसले होते. पण जमलं बरं का! गोकुळची आई साळूबाई व्यंकटरावांसाठी कांदा-लसूण न घालता वेगळी भाजी टाकायची. तिला भाऊ नव्हता. भाऊबीजेला तिनं यांना पाटावर बसवून ओवाळलं, अन् गोकुळ यांना मामा म्हणायला लागला. "गीताबाई, या वयात बहीण मिळाली हो," असं सांगताना व्यंकटरावांचे डोळे भरून आले होते.

चैत्रात एका सकाळी साळूबाई अचानक गेली. गोकुळनं व्यंकटरावांना फोन केला, "मामा, आई गेली." यांनी विचारलं, "मी येऊ का? तुमची गैरसोय नाही ना होणार?" तो म्हणाला, "बघा तुम्ही. ऊन लई हाय." यांनी ते खरं धरलं अन् घरीच थांबले.

अहो, मयतीला कुणी विचारून जातं का! पण बोलू कुणाला? 'विचारल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही' हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. जळो तो फळा.

चौथ्या दिवशी मीच त्यांना करमाडला घेऊन गेले. ओसरीवर गोकुळचा म्हातारा बाप पुंजाराम बसला होता. तो म्हणाला, "पाव्हणं, तुम्हाला यायला जमलं नाय, पण लुगडं झकास धाडलं. बहिणीची लाज राखली."

"कसलं लुगडं?" व्यंकटराव विचारणारच होते, तेवढ्यात गोकुळनं त्यांना हात धरून गोठ्यामागं नेलं. मीही मागोमाग गेले.

"आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं भावाचं लागतं," तो खालमानेनं बोलत होता. "तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत माती थांबवली. लोक कुरकुरायला लागले. मग मीच दुकानातून आणलं अन् मामानं धाडलं म्हणून सांगितलं."

"अरे, मला सांगायचंस ना रे गोकुळ! धावत आलो असतो!"

"भावाला सांगावं लागतं व्हय?"

व्यंकटराव तिथंच मातीत बसले अन् लहान लेकरागत रडायला लागले. माझ्याच्यानं बघवेना. गोकुळनं त्यांना हात दिला नाही. तो घरात गेला अन् थोड्या वेळानं दारातून म्हणाला, "चहा झालाय. घेऊन जा, साहेब."