भाऊसाहेबांची उडालेली फाइल

"आपलं हाय ना, मंग आपणच दुरुस्त करायचं," असं म्हणत सर खुर्ची ओढायचे आणि आधी शर्टाच्या बाहीनं कीबोर्ड पुसायचे. जाफराबादच्या बसस्टँडमागं त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला लोक काम पडलं की सर म्हणतात आणि पाठ वळली की येडं.

सरांचं वेड एकच. पत्रं, तक्ते, याद्या करायचा एक फुकट प्रोग्राम जगभरातले लोक मिळून बनवतात. तो मराठीत इतका चांगला करायचा, की विकतचा कोणाला आठवूच नये. त्यात जोडाक्षर ओळीच्या शेवटी तुटायचं, छापताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. हे नीट करायला सर पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकले आणि दुरुस्त्या परदेशातल्या मंडळींना पाठवू लागले. त्यातल्या दोन त्या मंडळींनी प्रोग्रामात घेतल्या. त्या दिवशी सरांनी अख्ख्या स्टँडला चहा पाजला. कशाबद्दल, ते कोणालाच कळलं नाही, पण चहा सगळ्यांनी घेतला.

मी एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क. संस्थेच्या अकरा शाळा, आणि सगळीकडे विकतचा प्रोग्राम चोरून चढवलेला. ते बंद करायचं ठरलं तेव्हा सर अध्यक्षांकडे तीनदा जाऊन बसले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, तुमचा प्रोग्राम महिनाभर बिनतक्रार चालवून दाखवा, मग सगळ्या शाळांत तोच. सर त्या महिन्यात क्लास सोडून आमच्याच कार्यालयात बसायचे.

आम्ही टाइपरायटरवर वाढलेली माणसं. रकाना सरळ करायचा तर स्पेसबार ठोकायचा, ओळीत येईपर्यंत. सर अक्षरशः हात जोडायचे. भाऊसाहेब, टेबल करा, नाहीतर दुसऱ्या मशीनवर समदं सरकतं, असं रोज सांगायचे. मी हो हो म्हणायचो आणि ते चहाला गेले की ठोकायचो.

महिना संपायला चार दिवस होते. शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी जालन्याच्या शिक्षण कार्यालयात जायची होती आणि सरांनी स्वतः तिचं टेबल करून दिलं होतं. ऐनवेळी मध्येच तीन नावं घालायची निघाली. टेबलात ओळ कशी घालायची हे सरांनी मला चारदा शिकवलं होतं. पाचव्यांदा विचारायची लाज वाटली. मी सगळा मजकूर टेबलाबाहेर काढला, स्पेसबार ठोकून सरळ केला आणि पेनड्राइव्ह शिपायाबरोबर पाठवून दिला.

शिपाई परत आला तो लाल शाईनं रंगलेला कागद घेऊनच. एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढं, आणि गेल्या वर्षी लागलेली बाई सगळ्यांत ज्येष्ठ. काय झालं ते मला बघताक्षणी कळलं. मी काय केलं असेल? फाइल पुसली. पेनड्राइव्हवरची आणि मशीनवरचीसुद्धा.

सर धापा टाकत आले. "भाऊसाहेब, फाइल दाखवा."

"उडाली," मी म्हणालो. "सेव्ह केल्ती. आता सापडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोरही मी तेच बोललो. याद्या बिघडवणारा आणि वर फाइल गिळणारा प्रोग्राम कोण ठेवील? सर म्हणाले, माझंच काहीतरी राहिलं असेल, पंधरा दिवस द्या. अध्यक्षांनी पंधरा मिनिटंही दिली नाहीत. अकरा शाळांत विकतचा प्रोग्राम आला.

त्यानंतर सरांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. तीच यादी पुन्हा पुन्हा बनवायची, चालू असताना वीज तोडायची, फाइल उडते का बघायचं. उडायचीच नाही. मग माझ्याकडे यायचे. कोणतं बटन दाबलं होतं, आठवा ना, म्हणायचे. मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि सर आठवडाभर त्याच्या मागं लागायचे. असं दीड वर्ष चाललं. क्लास बंद पडला.

पुढं त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला जालन्याला जायचे. एकदा खरं सांगायचंच असं ठरवून मी गेलो. एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हातानं टाइप करणं चालू. "बसा भाऊसाहेब. तेच करून राह्यलो," ते म्हणाले. "तुम्ही होते म्हणून बरं. दुसऱ्यानं इतकं आठवून आठवून सांगितलं नसतं."

मी मोसंबी ठेवली आणि परत आलो. इतका नालायक माणूस मी.

दिवाळीनंतर सर गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीनं लॅपटॉप पुढं ठेवला. परदेशातल्या मंडळींनी शेवटी कळवलं होतं, की असा दोष कुठेच दिसत नाही, त्या माणसानंच फाइल पुसली नसेल ना? सरांनी गेल्याच महिन्यात दिलेलं उत्तर तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. "त्यांना मी वीस वर्षं ओळखतो. ते असं करणार नाहीत. कृपा करून शोध थांबवू नका."

"काल त्या परदेशातल्या लोकांनी परत विचारलंय, अजून शोधायचं का म्हणून," ती म्हणाली. "काय लिहू, काका?"

मी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.